सोलापूर बाजारातला दगडी पाटा: जव दळण्यासाठी कसा?

उत्खननात सापडलेल्या, पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या प्राचीन वस्तीतल्या पहिल्या शेतकऱ्यांचं दळण शाळेत करून दाखवायचं असेल, तर सोलापूरच्या बाजारात मिळणारा काळ्या दगडाचा पाटा उत्तम चालतो. जातं घेऊ नका, ते फार नंतरचं. इनामगावात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात, दाणे मागेपुढे घासूनच दळत.

घेताना पाट्यावरून तळवा फिरवा. टाकीचे घाव खरखरीत लागले पाहिजेत. गुळगुळीत पाटा दाणा फोडत नाही, नुसता पुढे ढकलतो. नव्या पाट्यावर भिजवलेले तांदूळ तीनदा वाटून फेकून द्या, नाहीतर पिठात कच उतरते आणि दाताखाली करकरते. जव सालासकट टाकलात तर कोंडा पिठात मिसळून जातो, चाळूनही सुटत नाही. आधी मंद भाजा म्हणजे साल ठिसूळ होते, मग कांडा, पाखडा आणि एका वेळी मूठभरच दळा.

वरवंटा मात्र चटणीपुरता आखूड देतात. दोन्ही हातांत मावेल असा लांब मागून घ्याच.

दळताना मुलांना हेही सांगा: शेती आली म्हणून शिकार सुटली नव्हती. इनामगावात हरणांची हाडं सापडली आहेत, आणि शेवटच्या टप्प्यात तर शेती घटून शिकार व पशुपालनावरच भर वाढला.