गच्चीवरचा ठिबक संच: एका उन्हाळ्याचा अनुभव

पुण्यात गच्चीवर बाग केली की एप्रिल-मे महिन्यांत घर सोडून दिवसभर कुठे जाता येत नाही, असा आमचा गेल्या चार उन्हाळ्यांचा अनुभव होता. सकाळी भरपूर पाणी घातलेला पुदिना दुपारी तीनला माना टाकतो, आणि दर रविवारी शेजारच्या काकूंच्या हाती किल्ली ठेवण्याचा संकोच वाटतो. म्हणून या मार्चअखेर तीस कुंड्यांना पुरणारा, टायमरसह मिळणारा ठिबक संच आम्ही २,६०० रुपयांना मागवला. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच प्रकारचे सुटे भाग निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून विकले जातात आणि खाली नोंदवलेली मुख्य अडचण संचाच्या रचनेतच आहे.

खोक्यात १६ मिलिमीटर व्यासाची मुख्य नळी, ४ मिलिमीटरच्या बारीक नळ्या, ताशी २ लिटर पाणी थेंबथेंब सोडणारे ड्रिपर, जाळीचा फिल्टर, भोके पाडायचा पंच आणि बॅटरीवर चालणारा टायमर होता. नळी अर्धा तास उन्हात टाकली की मऊ पडते आणि सरळ होते. त्यानंतरची जोडणी मुलांनीच एका सकाळी पूर्ण केली. चुकीच्या जागी पडलेली भोके बंद करण्यासाठी प्लॅस्टिकची बुचे दिलेली आहेत आणि ती आम्हाला सातआठ तरी लागली.

पहिल्याच दिवशी ठरलेल्या वेळी टायमर टक् असा वाजला; पाणी मात्र आले नाही. या टायमरची झडप पाण्याच्या दाबावर उघडते, आणि गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला तेवढा दाब नसतो. दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरतो. आमची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दोन मीटर उंच आहे. दाबाची ही अट खोक्यावर कुठेही छापलेली नाही, आणि विक्रेत्याने फोनवर ‘नळाला जोडून पाहा’ एवढेच सुचवले. शेवटी दाबाविना चालणारा, आत फिरत्या गोळीची झडप असलेला दुसरा टायमर २,२०० रुपयांना घ्यावा लागला, म्हणजे संचाची किंमत जवळपास दुप्पट झाली.

ड्रिपरच्या बाबतीतही हेच घडले. मोजपात्र लावून तासभर पाहिले, तेव्हा टाकीजवळच्या ड्रिपरमधून सुमारे ९०० मिलिलिटर आणि शेवटच्या ड्रिपरमधून जेमतेम ७०० मिलिलिटर पाणी पडले. खोक्यावरचा दोन लिटरचा आकडा एक किलो दाब गृहीत धरून दिलेला असतो. त्यामुळे टायमरची वेळ दुपटीहून जास्त ठेवली, लांब ओळीचे दोन भाग करून दोन्ही टाकीजवळून स्वतंत्र काढले आणि टोमॅटोच्या मोठ्या कुंड्यांना दोन-दोन ड्रिपर दिले. हे मोजमाप ज्याला करायचे नसेल त्याने हा संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी झाली. पहाटे साडेपाचला निघून आम्ही यवतजवळच्या भुलेश्वराचे दर्शन घेतले, तिथली स्त्रीरूपातली गणेशमूर्ती मुलांना दाखवली आणि पुढे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहण्यासाठी गेलो. (चिंकारा दिसले, पण इतके दूर की धाकटीने त्यांना शेळ्याच ठरवले.) रात्री आठला परतलो तेव्हा मोगरा, मिरच्या आणि कढीपत्ता टवटवीत होते. फक्त गवती चहाची कुंडी कोरडी निघाली, आणि त्याचे कारण दाब नसून मोती होता.

मोती हा आमचा कुत्रा. अभयारण्यात त्याला नेता येत नाही, म्हणून त्या दिवशी तो सासूबाईंसोबत घरी होता आणि संध्याकाळी गच्चीवर मोकळा फिरताना त्याने बारीक नळी दोन ठिकाणी चावून तोडली. आता कुंड्यांखालून जाणारा भाग आम्ही विजेच्या तारांसाठी वापरतात त्या पीव्हीसी पाइपमधून नेला आहे. मांजर नळ्यांच्या वाटेला जात नाही. तिला कुंडीतली ओली माती उकरण्यातच रस आहे, आणि त्यावर नारळाच्या शेंड्यांचा जाड थर पसरणे हा उपाय लागू पडला. त्या थरामुळे मातीतला ओलावाही जास्त टिकतो. एक ड्रिपर सासूबाईंनी स्वतःच्या कल्पनेने मातीच्या परळावर सोडायला लावला. परळ भरला की जास्तीचे पाणी शेजारच्या अळूच्या कुंडीत उतरते, त्यामुळे दोन्ही प्राण्यांना आणि दुपारी येणाऱ्या बुलबुलांना ताजे पाणी मिळते. संपूर्ण संचातला हा एकच ड्रिपर पहिल्या दिवसापासून विनातक्रार चालला.

देखभालीचा भाग थोडा आहे. बोअरचे पाणी असल्यास ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साचतात. आम्ही महिन्यातून एकदा ड्रिपर काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवतो. फिल्टर दर रविवारी धुतो आणि ओळीच्या टोकाचे बूच काढून नळी मिनिटभर वाहू देतो.

थेट दाबाच्या नळाची सोय असलेल्यांना हा संच आहे त्या स्थितीत चालेल. टाकीवर अवलंबून असलेल्यांनी टायमरविना मिळणारा स्वस्त संच घ्यावा आणि दाबाविना चालणारा टायमर वेगळा विकत घ्यावा.