कलमाची पट्टी सोडून बघा, मगच पैसे द्या

आमच्या गावात दर मिरगाला देवळासमोरच्या मांडवात झाडांची विक्री होते. विक्री हा फारच मोठा शब्द झाला. ज्याच्या परड्यात जे जास्त झालंय ते घेऊन यायचं: अबोलीच्या काड्या, अनंत, केळीचे मुनवे, दुधाच्या पिशवीत रुजवलेली जास्वंद. दहा-वीस रुपये किंमत, जमतील ते पैसे वाचनालयाला. राजापूर तालुक्यातलं गाव आहे, एवढं पुरे.

२०१८ च्या मिरगाला एक माणूस छोटा टेम्पो घेऊन आला. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, कलमं, १५० रुपयांना एक. 'कोकण अमृता' जातीची, दापोलीच्या विद्यापीठातल्या मातृवृक्षावरची काडी, असं म्हणाला. वर विक्रीतले दहा टक्के वाचनालयाला देतो म्हणाला. विक्रीची व्यवस्था त्या वर्षी माझ्याकडे होती. मी एक कलम हातात घेतलं, बुंध्यापासून वीतभर उंचीवर पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली दिसली, आणि माइकवरून सांगितलं, "चांगली कलमं आहेत, मी बघितली आहेत, घ्या." दुपारपर्यंत १४० झाडं गेली. वाचनालयाला २,१०० रुपये मिळाले. त्या माणसाला आम्ही शाल-श्रीफळही दिलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

ज्यांना रातांबा फक्त आमसुलापुरता माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि कुठलं काय हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. त्यात सहा-सात वर्षं सहज जातात. म्हणूनच कलम घ्यायचं. मादी झाडाची काडी बांधली की ते मादीच होणार, आणि फळही लवकर धरतं. शिवाय खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधतात ते खालचं मुळासकटचं रोप, रातांब्याचा, काडीही रातांब्याची. त्यामुळे पानावरून रोप कुठलं आणि कलम कुठलं, हे नवख्याला सांगता येत नाही. फसवणाऱ्याला याहून सोयीचं झाड शोधून सापडायचं नाही.

मी सहा घेतली होती. गडग्याच्या कडेने लावली, दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहिलं. गेल्या थंडीत चार फुलली. तिघांवर फुलं झुपक्या-झुपक्याने आली, फांदी न फांदी भरली. मी खूश. आमच्या बागेत काम करणारा गडी बघून हसला. "हे सगळं नर आहे," म्हणाला. एप्रिलमध्ये त्या तिघांखाली एक रातांबा पडला नाही. मग इतरांकडे चौकशी सुरू केली, तर घरोघर तेच. कुणाची निम्मी नर, कुणाची दोन लावलेली दोन्ही नर.

तरीही मला वाटत होतं की काडी घेतानाच चुकली असेल. खरा प्रकार कळला तो वरच्या वाडीतल्या काकूंकडे. त्यांनी घेतलेल्यातलं एक झाड गोठ्यामागे पिशवीतच राहून गेलं होतं, खुरटलेलं, मनगटाच्याही निम्मं जाड नाही. त्याची पट्टी कुणी सोडलीच नव्हती, ती सालीत रुतली होती. मी ब्लेडने ती कापून काढली. खाली सांधा असायला हवा होता. पाचरीसारखा कापलेला जोड भरून आल्यावर तिथे गाठ राहते, वरच्या-खालच्या सालीत थोडा फरक दिसतो. इथे बुंधा सरळसोट होता. एका बाजूला सुरीने ओढलेला नखाएवढा ओरखडा, भरून आलेला. बस. त्या माणसाने रोपाला ओरखडा काढून वर पट्टी बांधली होती, इतकंच त्याचं कलम.

काकू म्हणाल्या, "माइकवरून तूच सांगितलंस ना रे, बघितलीयत म्हणून?" मी काय बोलणार?

आता आठवतं. पट्टीच्या खालीसुद्धा पानं होती. मी विचारलंही होतं, खालची फूट काढायची ना? तो म्हणाला, "नको, राहू दे, झाड जोमाने वाढतं." खऱ्या कलमवाल्याच्या तोंडून हे येणार नाही. खालची फूट खुंटाची असते, ती ठेवली तर कलम मागे पडतं आणि खुंटच झाड होऊन बसतो. तिथेच मला कळायला हवं होतं. पण दहा टक्के देणाऱ्या माणसावर संशय घ्यायला जीभ रेटली नाही.

पावती होती, साध्या पावतीपुस्तकातली. त्यावर ना रोपवाटिकेचा पत्ता, ना परवाना क्रमांक. फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, १९६९ पासून राज्यात तसा कायदा आहे, हे मला नंतर कळलं. मोबाइल नंबर लावला तर तो आता एका रिक्षावाल्याचा आहे. बिचाऱ्याला आमच्या गावातून बरेच फोन गेले असणार.

कलम विकत घेत असाल तर एका झाडाची पट्टी तिथल्या तिथे सोडायला सांगा. खरं कलम जोडलेलं असेल तर त्याने काही बिघडत नाही. सांधा दिसला पाहिजे. विकणारा कां कूं करायला लागला तर पाकीट खिशातच ठेवा. पावतीवर जात आणि परवाना क्रमांक लिहून घ्या. जायफळ घेणाऱ्यांनीही हे बघावं, त्यातही नर-मादीचं असंच आहे.

माझ्या तीन नरांपैकी एक परागाला ठेवतोय. दोन कमरेएवढ्या उंचीवर छाटले आहेत, नवी फूट आली की तिच्यावर मादीची काडी बांधायची. काडी काकूंच्या जुन्या झाडाची, त्यांच्या सासऱ्यांनी लावलेल्या. "काडी ने," म्हणाल्या, "पण बांधताना मला बोलव, मी बघणार आहे."