‘बीजी-थ्री’ म्हणून ९,९०० रुपयांना गंडलो

लिहू की नको, असं करत चार महिने काढले. गावात हसं झालंच आहे, मग लपवायचं कुणापासून?

आमचं रान कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या अथणी तालुक्यात, तीन एकर काळं. २०२४ ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. बोलगार्ड-२ चं, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या बीटी कापसाचं, पक्कं बिलाचं बी होतं, तरी खाल्ला. त्या अळीला आता त्या बीचं विष पचतंय, आणि बोंडात शिरली की वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यात भांगलणीला बाई ३०० रुपये रोज घेते आणि तरीही वेळेला मिळत नाही. हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून सगळे म्हणणार, शिकलेला माणूस असून फसला कसा.

मे २०२५ मध्ये सीमेपलीकडनं एक जण आला, आमच्या पाव्हण्याच्या ओळखीचा. “अण्णा, बीजी-थ्री आहे, बोलगार्ड-२ च्या पुढचं बी. गुलाबी अळी शिवत नाही, वर तणनाशक मारलं तरी झाड हिरवंगार.” मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. पाकीट १,६५० ला. सहा घेतली, ९,९०० रुपये. फोनपे करतो म्हटलं तर म्हणाला, रोखच द्या, खात्याला लिमिट आहे.

इथंच कळायला हवं होतं. पण त्याहून मोठी खूण घरात, चुलीपुढं समोर आली होती. बायकोनं पाकीट उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “ह्याच्यावर किंमत कुठं हाय?” किंमत नव्हती. लॉट नंबर नव्हता, तपासणीची तारीख नव्हती, कंपनीचा पत्ता नव्हता. पुढं फुटलेल्या बोंडाचा फोटो आणि मोठ्या अक्षरात बीजी-थ्री, मागची बाजू कोरी, नुसती चकचकीत. कापसाच्या बियाण्याचा दर सरकार ठरवून देतं, त्या साली बोलगार्ड-२ चं पाकीट जास्तीत जास्त ९०१ रुपये होतं, हे मला पाठ होतं. तरी मीच तिच्यावर खेकसलो, “तुला काय कळतंय त्यातलं?” ते वाक्य अजून कानात वाजतंय.

बीजी-थ्री नावाचं काही आपल्या देशात मंजूरच नाही. तणनाशक सोसणाऱ्या कापसालाही परवानगी नाही, तो चोरून विकला जातो. मला हे अर्धवट माहीत होतं. खोटं कशाला बोलू? चोरीचं का असेना, खरं असेल असं वाटलं.

जुलैत अर्ध्या एकरावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. आठव्या दिवशी तणाबरोबर कापूसही वाळला. उरलेल्यात सप्टेंबरला पाकळ्या गुलाबासारख्या मिटलेली फुलं दिसायला लागली. डोमकळी. एक उकलली, आत अळी. पाच फवारण्यांचे ११,४०० गेले. २४ क्विंटलची आशा होती, हातात आला ९ क्विंटल ४० किलो, त्यातही निम्मी कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस.

आणि मग ऑफिसं. इकडच्या शेतकी ऑफिसात साहेब म्हणाले, बी महाराष्ट्रातनं आणलं ना, मग तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, रान कर्नाटकात, पंचनामा आम्ही कसा करणार? परत इकडं. आता अर्ज कन्नडमध्ये पाहिजे. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. शंभर रुपये देऊन लिहून घेतला. तो घेतला आणि विचारलं, बिल कुठाय? न फोडलेलं पाकीट कुठाय? अहो, पेरायला आणलं होतं, कपाटात ठेवायला नव्हे! पोलिसांनी तर सरळ सांगितलं, बेकायदा बी तुम्हीच लावलंय, जास्त बोललात तर तुमच्यावरच येईल. सात हेलपाटे, एसटीचे आणि जेवणाचे मिळून २,१३० रुपये. सीमेवरनं भाषणं ठोकायला दोन्हीकडचे पुढारी येतात, माझ्या अर्जाची पोच द्यायला एक शिपाई मिळाला नाही. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच सांगितलंय की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे. पण ग्राहक आयोगात जायला बिल लागतं, आणि ते मी मागितलंच नव्हतं.

पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहायला लावा. पाकीट खालून फोडा, वरचा छापील भाग जपून ठेवा, मूठभर बीही ठेवा. रोखच मागतो त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि कुठलंही बीटी मावा-तुडतुडे थांबवत नाही. “एकही फवारणी नको” म्हणणारा तिथंच खोटा.

त्याचा नंबर दिवाळीपासून बंद आहे. परवा शेजारच्या पोराला नव्या नंबरवरून मेसेज आला, यंदा ‘फोर-जी’ आलंय, १,७५० ला. फोटोत तेच बोंड आहे.