लोकर कातण्यासाठी पेटी-चरखा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या घरी लोकर कातावी या हेतूने मी आठ महिन्यांपूर्वी एक पेटी-चरखा, म्हणजे घडी करून पेटीत बंद होणारा चरखा, मागवला. सागवानी पेटी, घडीचा फाळका (कातलेला धागा उतरवून घ्यायची चौकट), दोन चात्या (धागा पिळून गुंडाळणाऱ्या लोखंडी सळ्या) आणि दोरीचा एक जादा तुकडा या सर्वांचे मिळून साडेचार हजार रुपये पडले. विक्रेत्याच्या वर्णनात ‘कापूस, लोकर व रेशीम या तिन्हींसाठी उपयुक्त’ असे लिहिलेले होते, आणि हे परीक्षण त्यातील मधल्या शब्दापुरतेच आहे. कापसासाठी हे यंत्र किती चांगले आहे हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. गांधीजी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना या घडीच्या चरख्याच्या रचनेवर काम झाले, म्हणून त्याला येरवडा चक्र असेही नाव आहे. आणि ती रचना पूर्णपणे सुती धाग्याचा विचार करून केलेली आहे. लोकरीच्या बाबतीत ज्या अडचणी येतात, त्यांचे मूळ नेमके येथे आहे.

कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरांचा असतो. इतके आखूड तंतू एकमेकांना धरून राहावेत यासाठी धाग्याला पुष्कळ पीळ द्यावा लागतो, आणि तो लवकर मिळावा म्हणून पेटी-चरख्यात दोन चाके एकमेकांना जोडलेली असतात : मोठे चाक हाताने फिरते, ते लहान चाकाला फिरवते आणि लहान चाकावरून गेलेली दोरी चातीला गरगर फिरवते. लोकरीचा तंतू याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतो, त्यावर खवले असतात आणि ते एकमेकांत अडकतात, त्यामुळे तिला बऱ्याच कमी पिळात धरता येते. परिणामी, सुताच्या सवयीने चाकाची मूठ फिरवली की लोकरीचा धागा पाहता पाहता ताठ होतो, स्वतःभोवतीच वळ्या घेऊ लागतो आणि हातातून सुटला तर काथ्यासारखा गुंतून बसतो. माझे पहिले पंधरा दिवस अशा वळ्या सोडवण्यातच गेले.

मी दोन प्रकारची लोकर वापरून पाहिली आणि दोन्हींचे निकाल इतके वेगळे आले की, एकाच यंत्राबद्दल लिहीत आहे असे मलाही वाटत नाही. पहिली होती दख्खनी मेंढीची, माण तालुक्यातील एका मेंढपाळाकडून कातरणीच्या दिवशीच घेतलेली एक किलो काळी-करडी लोकर. निवडताना तीतून कुसळे, गोखरू आणि माती एवढी निघाली की धुऊन वाळवल्यावर हाती सुमारे सातशे ग्रॅमच उरली. धुण्यासाठी कोमट पाण्यात रिठे भिजवले. लोकर त्यात नुसती बुडवून ठेवायची, चोळायची मुळीच नाही, कारण गरम पाण्यात घुसळल्यास ते खवले एकमेकांत कायमचे गुंततात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला जाड थर, होतो. विंचरण्यासाठी मी कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश वापरले आणि ते या कामाला चांगले पुरले. दख्खनी तंतू मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीच्या तंतूच्या दुपटीहूनही जाड आणि राठ असल्याने त्याचा बारीक धागा निघतच नाही, आणि काढूही नये. त्याचा स्वाभाविक धागा घोंगडीला लागतो तसा, चांगला जाडसर.

असा जाड धागा पेटी-चरख्याच्या सडपातळ चातीवर कातणे हे कष्टाचे काम आहे. कुकडी (चातीवर गुंडाळलेला धागा) पाच-सहा ग्रॅमांतच भरते आणि पुन्हा पुन्हा फाळक्यावर उतरवावी लागते. धागा गुंडाळताना चातीवर जो ताण येतो त्याने बारीक दोरी घसरते. दोरीला मेण लावल्यावर हा त्रास निम्मा कमी झाला, पूर्ण गेला नाही. मूठ अर्ध्या फेऱ्यापुरती फिरवून थांबायचे, धागा लांबवायचा, पुन्हा अर्धा फेरा द्यायचा, ही लय साधायला मला सहा आठवडे लागले, आणि साधल्यावरही एका तासात टकळीपेक्षा (हाताने गिरकी देऊन फिरवायच्या लहान चातीपेक्षा) फारसे जास्त काम होत नाही. आपल्याकडे धनगर स्त्रिया ज्या चरख्यावर लोकर कातत आल्या त्याला एकच मोठे चाक असते आणि चाती दणकट असते. त्यामागील कारण मला पुस्तकातून नव्हे, मनगटाच्या दुखण्यातून कळले.

दुसरी लोकर होती हस्तकलेच्या दुकानात मिळणारी, कारखान्यात विंचरून पट्टी केलेली मेरिनो. तिचा तंतू सुमारे वीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा, निसरडा आणि मऊ असतो. येथे मात्र चरखा एकदम शहाण्यासारखा वागू लागला. बारीक धाग्याला पीळ जास्त लागतोच, आणि जास्त पीळ देणे हेच या यंत्राचे खरे कसब. पट्टी लांबीतून चार भागांत फाडून, बोटांना खोबरेल तेलाचा अगदी एक थेंब लावून मी कातायला बसलो तेव्हा शिवणाच्या दोऱ्याच्या जवळ जाणारा एकसारखा धागा निघाला. पन्नास ग्रॅम संपायला नऊ संध्याकाळी लागल्या, पण त्यातील एकही वाया गेली असे वाटले नाही. आवाज नाही, जागा अडत नाही, आणि रात्री झाकण लावले की पेटी पुस्तकांच्या शेजारी फळीवर उभी राहते. शहरातील दोन खोल्यांच्या घरात हा गुण लहान नव्हे.

तुलनेसाठी मी साडेतीनशे रुपयांची एक लाकडी टकळीही घेतली होती, सुमारे चाळीस ग्रॅम वजनाची. शाळेत सूतकताईच्या तासाला जी हलकी पितळी चकतीची टकळी मिळत असे, ती लोकरीच्या कामाची नाही. जाड धाग्याचा भार तिला पेलत नाही आणि ती दोन गिरक्यांतच उलटी फिरू लागते. वजनदार टकळीवर मात्र दख्खनी लोकर पहिल्या दिवसापासून नीट कातली गेली, कारण टकळी सावकाश फिरते आणि पीळ किती चढला हे बोटांना कळते. दोन धागे एकत्र वळून दुपदरी करण्याचे कामही मी आता तिच्यावरच करतो. त्यानंतर लड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वजन न लावता टांगली की पीळ बसतो, आणि कातताना वाकडातिकडा दिसणारा धागाही बराच समजूतदार होतो.

यंत्राच्या घडणीबद्दल दोन शब्द. लाकूडकाम उत्तम आहे, बिजागऱ्या घट्ट आहेत, आणि आठ महिन्यांत चाकांना कोठेही डगडग आलेली नाही. चात्या मात्र निकृष्ट निघाल्या. त्यांतील एक पेटीतूनच किंचित वाकलेली आली होती. ती फिरताना थरथरे आणि टोकावरून धागा निसटे. सोबतच्या माहितीपत्रकात लोकरीविषयी एक ओळही नाही. विक्रेत्याला लिहिल्यावर उत्तर नम्र आले, पण बदली चाती अजून आलेली नाही. मी वाकलेली चाती लोहाराकडून सरळ करून घेतली आणि काम भागले, पण साडेचार हजारांच्या वस्तूसाठी ग्राहकाने लोहाराकडे जावे हे योग्य नाही.

ज्यांना मेरिनोसारख्या मऊ लोकरीचा बारीक धागा काढायचा आहे, किंवा जे कापूसही कातणार आहेत, त्यांनी हा चरखा जरूर घ्यावा. देशी लोकर कातण्याच्या ओढीने निघालेल्यांनी आधी जड टकळी घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या लोकरीवर खर्च करावेत. मेंढपाळाकडे गेल्यावर ‘जावळ’ आहे का, हे अवश्य विचारावे. कोकराच्या पहिल्या कातरणीची ही लोकर मऊ असते, म्हणून जावळाच्या घोंगडीला मान असतो. मला ते उशिरा कळले. माझ्या सातशे ग्रॅमांतून जो धागा निघाला तो गळ्याशी बांधण्याजोगा नव्हताच, त्यामुळे त्याचे एक बसायचे आसन विणले. ते टोचते, पण थंडीच्या दिवसांत फरशीवर दुसरे काही घ्यावेसे वाटत नाही.