ड्रायरचा आवाज आणि ‘मोटर जळाली’ची थाप

डोंबिवलीला आई-बाबांकडे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. ऐन जुलैत त्याचा ड्रायर फिरताना कर्रकर्र आवाज यायला लागला, सोबत रबर जळल्यासारखा वास. पावसात ड्रायरशिवाय कपडे वाळायची पंचाईत, म्हणून बाबांनी इंटरनेटवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ टाकून सगळ्यात वर आलेला नंबर लावला. पलीकडच्या मुलीने तक्रार क्रमांक दिला आणि दुपारी कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक जण दारात हजर.

त्याने मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि लगेच सांगितलं, “काका, मोटर जळाली.” बाबा म्हणाले, अहो, ड्रायर फिरतोय की! त्यावर त्याने मल्टिमीटर काढला, पिना मोटरच्या वायरींपाशी नेल्या आणि आकडा दाखवला. स्क्रीनवर डावीकडे नुसता १. “बघा, कॉइल ओपन आहे.” म्हणजे मोटरच्या आतलं तारेचं वेटोळं तुटलंय.

त्याच्याकडच्या साध्या डिजिटल मीटरच्या पिना कशालाही न लावता हवेत धरल्या, तरी रेझिस्टन्स मोजताना तोच १ दिसतो. पिना वायरीला नीट टेकल्या होत्या की नाही, हे वाकून बघणं सत्तरीच्या माणसाला जमणार होतं का? तुमच्यासमोर कोणी असं मीटर धरलं, तर आधी दोन पिना एकमेकींना टेकवायला सांगा. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. मगच पुढचं बोला.

मुळात ड्रायरची कॉइल खरोखर जळाली असेल तर टब असा वेगात फिरत नाही. मोटर नुसती हुं करून थांबते, नाहीतर एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो. फिरताना आवाज येतोय म्हणजे दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडे असतं : ब्रेक, स्प्रिंग, खालचं सील-बुश (टबाच्या दांड्याभोवतीचं रबर), किंवा टबाच्या बाहेर पडलेला मोजा.

आई-बाबांकडून ३,८०० रुपये घेतले. ‘ओरिजिनल’ म्हणून बसवलेल्या मोटरला खोका नव्हता. बिल म्हणजे पॅडवरचा कागद, ना जीएसटी नंबर ना पत्ता. पैसे यूपीआयने घेतले तेही कुणा माणसाच्या नावावर. आणि जुनी मोटर “कंपनीत जमा करावी लागते” म्हणून पिशवीत घालून नेली. माझा सगळ्यात जास्त संताप यावर आहे, कारण ती चांगली होती. दुसऱ्या कुणाच्या घरी तीच ‘नवी’ म्हणून बसली असेल.

काही दिवसांत आवाज परत सुरू झाला. तो नंबर बंद. मशीनवरच्या स्टिकरवरच्या नंबरला फोन केला, तेव्हा कळलं की कंपनीकडे आमची तक्रार नोंदलेलीच नव्हती.

मग गल्लीतल्या दुकानातले मेकॅनिक आले. त्यांनी प्लग काढला, मागचं झाकण उघडलं आणि बाबांना शेजारी बसवून दाखवलं. ड्रायरचं झाकण बंद केलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की स्प्रिंगमुळे ब्रेक लागतो. आमची तार सैल पडली होती, म्हणून झाकण बंद असतानाही ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. मोटर मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्या मारते, त्या वेगात ब्रेकचं रबर सतत घासत होतं. एका बाजूने ते काचेसारखं गुळगुळीत झालेलं, खाली काळी पूड साचलेली. त्यांनी तार आखडून घेतली, ब्रेकचं रबर बदललं, हाताने टब फिरवून बघितला. सगळे मिळून ३५० रुपये.

आम्ही यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बिलाचा फोटो आणि तो मोबाइल नंबर घेऊन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यातही अर्ज दिलाय. पैसे गेल्याबरोबर १९३० ला फोन केला तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते, उशीर झाला की ती कमी होते. दुकान किंवा खरी कंपनीच दाद देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आई-वडील एकटे राहत असतील तर आजच त्यांच्या मशीनवरच्या स्टिकरवरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. आणि बदललेला पार्ट घरातच ठेवून घ्यायला सांगा; पैसे आपण भरलेत, मशीन वॉरंटीत नाही, मग जुना पार्ट आपलाच. न्यायचाच असेल तर बिलावर तसं लिहून त्याची किंमत वजा करायला लावा.