ह्युमिक ॲसिड ९८% फ्लेक्स: दोन हंगाम वापरून झाल्यावर लिहितेय

आमची वाळवा तालुक्यात साडेतीन एकर काळी जमीन आहे, त्यात दोन एकर ऊस, एक एकर आलं आणि उरलेल्यात जनावरांसाठी हत्तीघास. ह्युमिकचं (मुळ्या वाढाव्यात म्हणून पिकाला पाण्यातून देतात तो काळा पदार्थ) हे पॅकेट मी गेल्या वर्षी आमच्या नेहमीच्या कृषी सेवा केंद्रातून घेतलं, काळे चकचकीत फ्लेक्स, एक किलो, ३२० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते बाजारातल्या बहुतेक सगळ्याच ह्युमिकला लागू होतं, एकट्या कंपनीला धरून उपयोग नाही.

घेतलं दोन कारणांनी. एक म्हणजे पांढरी मुळी चांगली सुटते असं आजूबाजूचे सगळेच सांगत होते. दुसरं म्हणजे पॅकेटवर हिरव्या अक्षरात मोठं लिहिलंय "जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवतो", आणि आमच्या माती परीक्षणाच्या कार्डावर तेव्हा सेंद्रिय कर्ब (म्हणजे मातीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्यातला कार्बन) ०.४४ टक्के होता. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, पाऊण टक्क्याच्या वर म्हणजे भरपूर, असा साधारण हिशोब असतो. माझे सासरे, मामा, कार्ड बघून एवढंच म्हणाले की आमच्या वेळेला गोठ्यात आठ जनावरं होती गं, आता दोन आहेत, मग मातीत काय राहणार. ते वाक्य डोक्यात बसलं होतं म्हणून दुकानात तो हिरवा दावा बघितल्यावर लगेच पैसे दिले.

आधी चांगलं सांगते. लागणीच्या उसाला (जात को ८६०३२) साधारण एक महिन्याचा झाल्यावर एकरी एक किलो ड्रिपमधून सोडलं, आणि मधल्या चार सऱ्यांच्या लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) बंद ठेवल्या, तुलना करायला. पंधरा दिवसांनी दोन्हीकडची दोन-दोन रोपं उकरून बघितली. जिथं सोडलं होतं तिथं पांढऱ्या मुळ्या खरंच दाट होत्या, केसासारख्या बारीक आणि लांबवर गेलेल्या. बाकीच्या सऱ्यांत मुळी होती पण विरळ. आल्यात तर फरक अजून स्पष्ट दिसला. फुटवे मोजले तेव्हा मात्र तेवढा फरक नव्हता, थोडे जास्त होते पण चार सऱ्यांवरून मी छातीठोक सांगणार नाही.

मुळ्यांचं हे नुसतं दुकानदारांचं बोलणं नाही. ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलंय की गांडूळखतातून काढलेल्या ह्युमिकमुळे मक्याच्या मुळांच्या पेशीतला प्रोटॉन बाहेर टाकणारा पंप जास्त चालतो आणि बाजूच्या मुळ्या जास्त फुटतात. २०१४ मधे बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितले गेले, त्यात मुळांचं वाळलेलं वजन सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास वाढलेलं निघालं. पण प्रत्येक जमिनीत, प्रत्येक पिकात, प्रत्येक मालात तसंच होतं असं नाही, सरासरी म्हणजे सरासरी.

आता त्या हिरव्या अक्षरांकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथं आहे.

एक एकर जमिनीचा वरचा पंधरा सेंटीमीटरचा थर घेतला तर त्या मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा, म्हणजे ०.४४ चा ०.५४ करायचा, तर त्या थरात नऊशे किलो निव्वळ कार्बन टिकून राहिला पाहिजे. माझ्या एक किलोच्या पॅकेटमधे किती कार्बन आहे? खरं ह्युमिक साठ टक्के धरलं (९८ का नाही ते खाली सांगते) आणि त्यातला निम्म्याच्या थोडा वर कार्बन धरला तर तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम. म्हणजे ती वाढ ह्या पॅकेटनं करायची तर एकरी अठ्ठावीसशे किलो फ्लेक्स टाकायला लागतील आणि त्याचे होतात जवळजवळ नऊ लाख रुपये. मी हा हिशोब वहीवर केला, परत केला, मग मुलाला करायला लावला, उत्तर तेच. एका किलोनं कार्डावरचा आकडा हलत नाही. हलणं शक्यच नाही. जो शेतकरी हे वाचून शेणखताची एक ट्रॉली कमी करेल त्याचं नुकसान होतंय, आणि ते नुकसान लगेच दिसत पण नाही, चार-पाच वर्षांनी जमीन घट्ट व्हायला लागली की दिसतं.

९८% ह्या आकड्याचं पण समजून घ्या. मी समजत होते की पॅकेटमधे ९८ टक्के ह्युमिक ॲसिड आहे. मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की ९८ टक्के म्हणजे पाण्यात विरघळण्याचं प्रमाण, ह्युमिकचं प्रमाण वेगळं आणि बरंच कमी, बाकी पोटॅश, ओलावा वगैरे. बाटलीतलं लिक्विड घेणार असाल तर १२ टक्केवाल्या लिटरमधे साधारण सव्वाशे ग्रॅमच माल असतो हे धरून दराची तुलना करा. ह्युमिक आणि त्याचंच भावंड फुल्विक २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारा पदार्थ) म्हणून आलंय, त्यामुळे पुढचं मोठं नाव बघण्यापेक्षा मागचा घटकांचा तक्ता वाचून घ्यायची सवय लावायला हरकत नाही.

हे बनतं कशापासून ते पण सांगते, कारण पॅकेटवर पानं-गांडूळ असं चित्र असतं आणि आपल्याला वाटतं शेणखताचा अर्क असेल. बहुतेक माल लिग्नाइट कोळशापासून बनतो, त्यातला हवा लागून मुरलेला जो प्रकार असतो त्याला लिओनार्डाइट म्हणतात. तो पोटॅशच्या अल्कलीत उकळायचा, काळं पाणी गाळायचं, वाळवायचं, झाले फ्लेक्स. कोळसा असला म्हणून वाईट असं काही नाही, तो पण कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पालापाचोळाच आहे. अल्कलीत काळा अर्क काढायची पद्धत तर १७८६ सालची आहे, आखार्ड नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दलदलीतल्या मातीवर केली होती. दोनशे वर्षं असं मानलं गेलं की मातीतला ह्यूमस म्हणजे हेच काळे मोठे रेणू. आता बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं आहे (२०१५ मधे लेहमन आणि क्लेबर यांनी हे नीट मांडलं) की मातीत जे असतं ते म्हणजे अर्धवट कुजलेले काडीकचऱ्याचे तुकडे, त्याहून बारीक झालेले, आणि मेलेल्या जिवाणू-बुरशीचे अवशेष जे चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात. तो काळा अर्क बराचसा अल्कलीनं ओढून काढल्यामुळे तसा दिसतो. मला हे वाचून एकदम उजेड पडला, कारण याचा अर्थ जमिनीतला सेंद्रिय पदार्थ ही पुडीत भरून आणायची वस्तू नाहीच, ती जिवाणूंना खायला घालून तिथंच तयार करायची असते.

भेसळ ओळखायची एक साधी पद्धत मी दोन्ही वर्षी केली. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चिमूटभर फ्लेक्स विरघळवा, मग संडास साफ करायचं ॲसिड थोडं थोडं टाका (हातमोजे घालून, उघड्यावर, लहान मुलांना लांब ठेवून आणि नंतर तो ग्लास परत वापरायचा नाही). ह्युमिक ॲसिड अल्कलीत विरघळतं पण ॲसिडमधे विरघळत नाही, त्यामुळे खरा माल असेल तर अर्ध्या तासात काळसर लगदा तळाला बसतो आणि वरचं पाणी कोऱ्या चहासारखं पिवळट होतं, ते पिवळं जे राहतं त्यात फुल्विक असतं. मोलॅसिस किंवा कागद कारखान्यातलं लिग्नोसल्फोनेट घालून काळं केलेलं असेल तर ते खाली बसत नाही, पाणी तसंच काळं-तपकिरी राहतं. माझ्या पॅकेटचा लगदा चांगला बसला. शेजारच्या काकूंनी फिरत्या गाडीवरून दीडशे रुपये किलोनं घेतलेलं आणलं होतं, त्याचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काळंच होतं, त्यांना फार वाईट वाटलं, चार किलो घेतलं होतं त्यांनी.

ह्याच गुणामुळे माझं एक नुकसान झालं ते पण सांगते. सकाळी ड्रिपमधून ह्युमिक सोडलं आणि दुपारी लाईन साफ करायला म्हणून फॉस्फोरिक ॲसिड सोडलं, मधे साधं पाणी सोडलंच नाही. ग्लासात जे होतं तेच पाईपमधे झालं. फिल्टरमधे काळा चिखल, चाळीसेक ड्रिपर बंद, दोन दिवस एकेक काढून धुवत बसले. पॅकेटवर मराठीत ह्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि ती असायलाच पाहिजे होती. तर ॲसिडबरोबर नाही, कॅल्शियम नायट्रेटबरोबर नाही (कॅल्शियमनं पण साका बसतो), आणि बोअरचं पाणी फार जड असेल तर आधी बादलीत मिसळून बघा. ब्लीचिंगचं पाणी सोडायचं असेल तर त्याच दिवशी ह्युमिक नको, हा काळा पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतो, मग शेवाळ मारायला क्लोरीन उरतच नाही.

क्लोरीनवरून आठवलं, पिण्याच्या पाण्यात पण हाच विषय आहे. जूनच्या शेवटी पहिल्या मोठ्या पावसानंतर नदीचं पाणी तांबडं-तपकिरी होतं, त्यात गाळ असतोच पण रानातून धुऊन आलेला हा विरघळलेला सेंद्रिय पदार्थ पण असतो. म्हणून त्या दिवसांत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जास्त लागते. आणि क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरोफॉर्मसारखी नको ती संयुगं पण बनवतं, १९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानस रूक यांनी ते शोधलं. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यायचं, त्यात गाळाबरोबर ह्यातला बराच भाग पण खाली बसतो, आणि निवळलेल्या पाण्यात मग टीसीएल. मात्र ह्या भीतीनं कुणी टीसीएलच बंद करू नका, जुलाब-काविळीचा धोका त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. शेतात जो पदार्थ आपल्याला हवाहवासा तोच टाकीत नकोसा, म्हणून तो वाहून जाण्यापेक्षा रानातच धरून ठेवलेला बरा.

आमच्या रानाच्या एका कोपऱ्यात चुनखड आहे, तिथं उसाला दरवर्षी केवडा पडतो, पानं पांढरट-पिवळी. मातीत लोह आहे पण सामू (पीएच) आठच्या वर गेल्यामुळे पिकाला उचलता येत नाही. तिथं ह्युमिक सोडून मला काही खास फरक दिसला नाही. फरक पडला तो राहुरी कृषी विद्यापीठाच्या जुन्या शिफारशीनं, फेरस सल्फेट शेणखतात मिसळायचं, एकाला दहा असं, पाच-सहा दिवस ओलं ठेवून मुरवायचं आणि मग सरीत द्यायचं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात आणि चुन्यात अडकू देत नाहीत. ह्युमिकच्या पॅकेटवर "चिलेशन" म्हणून जे लिहिलेलं असतं ते हेच, फक्त उकिरड्यातलं.

मग कार्डावरचा आकडा कशानं हलला? तीन वर्षांपूर्वी पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळणं बंद केलं. खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) पाचट कुट्टी करून सरीत ठेवतो, त्यावर एकरी साधारण एक पोतं युरिया आणि एक पोतं सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर. युरिया का, तर पाचटात कार्बन खूप आणि नत्र अगदी कमी, नत्र दिलं नाही तर जिवाणू ते मातीतून ओढतात आणि ऊस पिवळा पडतो. एकरी तीन-साडेतीन टन पाचट निघतं, म्हणजे तेराशे-चौदाशे किलो कार्बन, फुकट, आपल्याच रानातला. त्यातला मोठा भाग जिवाणू खाऊन हवेत सोडतात, पाचातला एखादा हिस्सा टिकला तरी खूप, पण तो हिस्सासुद्धा अडीचशे-पावणेतीनशे किलो होतो. शिवाय दोन वर्षाआड शेणखत आणि आल्याच्या आधी ताग गाडतो. यंदाच्या कार्डात पाचटाच्या प्लॉटला ०.५३ आलं. नमुना घेण्यात थोडं इकडंतिकडं होतं हे मान्य, पण पावसानंतर पाणी आता पूर्वीसारखं सरीत दिवसभर तुंबत नाही आणि नांगराच्या ढेकळाला हात लावला की फुटतं, ते कार्ड न बघता पण कळतं. मामा परवा तिथलं ढेकूळ हातात घेऊन बराच वेळ चुरत बसले होते.

तर ह्युमिकला माझे पाचपैकी तीन. मुळीसाठी चांगलं, ॲसिडच्या चाचणीत पास, दर ठीक, डबा घट्ट बंद ठेवला तर चिकट होत नाही. दोन गुण कापले ते सेंद्रिय कर्बाच्या दाव्यासाठी आणि मराठीत सूचना नसल्यासाठी. दुकानदार भाऊ चांगले आहेत, मी हिशोबाची वही दाखवली तर त्यांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले ताई, मी पण आता गिऱ्हाईकाला हे मुळीचं टॉनिक म्हणूनच देईन.

पुढच्या वर्षी फक्त आल्याला एक किलो घेणार, उसाला नाही. वाचलेल्या पैशात कुट्टी मशीनच्या भाड्यात भर घालून शेजारच्या काकूंच्या एकरातलं पाचट पण करून घ्यायचं ठरलंय, त्यांचं कार्ड ०.३९ आहे. मे महिन्यात दोन्ही रानांची माती परत तपासायला देणार आहे, आकडे आले की इथंच टाकते.