सांगलीच्या गणपती मंदिराजवळची बकूळ

सांगलीत ताजी बकूळ घ्यायची असेल, तर गणपती मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी बसणाऱ्या मावशींकडेच जा. दुकान नाही, पाटी नाही. दुर्वा-जास्वंदीचे वाटे, ओल्या फडक्याखाली मोगरा आणि एका कडेला केळीच्या पानावर बकुळीच्या सरी. मोगरा, शेवंती कुठेही मिळते. बकूळ ठेवणारे आता थोडेच उरलेत, कारण ती खुडून आणता येत नाही. पहाटे झाडाखाली पडलेलं एकेक फूल वेचायचं आणि त्या नखाएवढ्या फुलांची हातभर सर ओवायची, हे चिकाटीचं काम आहे.

सर हातात घेऊन नीट बघा. बकुळीच्या मधोमध मुळातच भोक असतं, त्यातून दोरा सरळ जातो. मावशींच्या सरीत फुलं एकमेकांना टेकून बसलेली असतात, चिरडलेलं फूल किंवा मातीचा कण सापडायचा नाही. बकुळीवर त्या पाणी मारत नाहीत. "पाणी लागलं की काळी पडती, वास मरतो," हे पहिल्यांदा घेणाऱ्याला आवर्जून सांगतात. शहरातल्या एका दुकानातून मी मागे गजरा घेतला, तर त्यावर चक्क सेंट मारलेला. तसला प्रकार इथे नाही.

मी बकुळीसाठी एवढी का हटून बसते, तर दादांमुळे. माझे वडील मार्केट यार्डात तोलाईचं काम करायचे. हळदीचा हंगाम सुरू झाला की त्यांचा सदरा, भुवया, नखांच्या कडा सगळं पिवळं. उन्हाळ्यात हळदीची आवक आणि बकुळीचा बहर एकत्र येतात. दादा सकाळी कामावर जातानाच सर घेऊन खिशात टाकायचे आणि रात्री घरी आल्यावर आईच्या हातात द्यायचे. मोगरा असता तर दुपारपर्यंत त्याचा चोथा झाला असता. बकूळ सुकते, पण वास सोडत नाही. फक्त दिवसभरात तिला हळद लागलेली असायची. त्यामुळे आमच्या घरात बकुळीचा वास म्हणजे हळदीसकट बकुळीचा वास. हळदीची झाक नसली, तर मला तो अजूनही अर्धाच वाटतो.

दादा गेल्यावर आईनं फूल माळणं सोडलं. एकदा देवदर्शनाहून येताना ती या टोपलीपाशी थांबली, सर उचलून हुंगली आणि परत ठेवली. मावशींनी काहीच विचारलं नाही. केळीच्या पानात सर गुंडाळून आईच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "अवो ताई, बकूळ काय डोक्यातच घालायची असती व्हय? उशाला ठेवा की." त्या सरीचे पैसे मी कितीदा पुढे केले, पण त्यांनी घेतले नाहीत. आईला इतक्या सहजपणे फूल परत देणारं दुसरं कोणी मला तोवर भेटलं नव्हतं, आणि आम्हा घरच्यांनाही ते सुचलं नव्हतं.

आता आई वाळलेल्या सरी स्टीलच्या डब्यात ठेवते आणि त्यात एक हळकुंड टाकते. फुलं तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, तरी झाकण काढलं की दादा घरी आल्याचा वास येतो. 2019 च्या महापुरात घर सोडताना तिनं कागदपत्रांच्या पिशवीत हा डबा आधी घातला होता.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. उशिरा गेलात तर बकूळ संपलेली असते, संकष्टीला तर लवकरच. त्या दिवशी भावही चढतो, पण वेचण्याची मेहनत बघता मला तो जास्त वाटत नाही. लग्नकार्यासाठी ढीगभर सरी मागू नका, त्या एवढ्या ओवू शकत नाहीत आणि दुसरीकडून आणून देत नाहीत. पावसाची झड लागली की फुलं चिखलात पडतात, मग त्या बकूळ आणतच नाहीत. सुटे पैसे जवळ ठेवा.